आतून तीनदा खोकला

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणू देत. मी हाडांचं काम करणारी बाई आहे. वीसेक वर्षं मेलेल्या माणसांची हाडं मोजून कागदावर उतरवत आले. एवढ्या वर्षांत मी एकदाच खोटं बोलले. एकदाच. आणि तेही फक्त एक शब्द.

तो शब्द कुठे बोलले, कोणासमोर बोलले आणि त्यानंतर माझ्या मागे काय लागलं, ते आज सांगून टाकते.

आणि हो, भुतं रात्रीच येतात हे डोक्यातून काढून टाका. माझ्या बाबतीत सगळं भरदिवसा झालंय. दुपारी तीनच्या सुमाराला. लख्ख ऊन असताना.

साल दोन हजार नऊ. एप्रिल महिना, हान्सिकचा आदला दिवस. हान्सिकला आमच्याकडे, कोरियात, घरोघरची माणसं डोंगरावर जातात, पूर्वजांच्या कबरींची डागडुजी करतात, हलवायची असेल तर कबर हलवतात. ग्योंगसांगच्या उत्तरेकडच्या एका खोऱ्यात एका जुन्या घराण्याची टेकडी नव्या रस्त्यात जात होती. घराण्याचं नाव सांगत नाही. त्यांची माणसं आहेत अजून, आणि चांगली तालेवार आहेत.

टेकडीवर त्यांच्या मूळ पुरुषाची कबर होती. चारशे वर्षांपूर्वीच्या युद्धात दक्षिणेकडे लढता लढता पडलेला सरदार. शेजारी त्याच्या बायकोची कबर. दोन्ही कबरी हलवायच्या होत्या आणि त्याआधी हाडं तपासून कागद करायचा होता. ते काम आमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आलं.

म्हणजे बान सरांकडे. आणि सरांकडे आलं म्हणजे माझ्याकडे.

मी फ्यो यॉन-हुई. तेव्हा चौतीस वर्षांची. नऊ वर्षं सरांच्या हाताखाली होते. वडील लवकर गेले माझे, त्यामुळे सरांना मी काय मानत होते ते वेगळं सांगायला नको. थंडीत प्रयोगशाळेत यायचे तेव्हा सरांच्या कोटाच्या खिशात भाजलेले चेस्टनट असायचे. अर्धे माझ्यापुढे ठेवायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा अंगठा धरून एका हाडात खुपसला होता.

"हे कमरेचं हाड. मागच्या बाजूला ही खाच बघ. अंगठा अडकला, तर पुरुष. अंगठा आत ऐसपैस हलला, तर बाई. कवटी फसवते, मांडीचं हाड फसवतं, घरचे कागद तर हमखास फसवतात. हे हाड खोटं बोलत नाही, यॉन-हुई."

नऊ वर्षं मी हे वाक्य घोकलं. पोरांना शिकवलं.

असो. कबरीकडे येते.

कबर खोदणाऱ्यांचा मुकादम होता फाएंगदादा. तोंडाचा पट्टा सतत चालू. घराण्याचे थोरले, म्हणजे सगळ्यात वडील शाखेचे मालक, पांढरे कपडे घालून बाजूला उभे होते. शवपेटीभोवती चुन्याचा थर होता, दगडासारखा घट्ट. दादा घण घालत होता आणि बडबडत होता.

"मालक, सरदारसाहेबांना गावातल्या लोकांची भीती होती की काय? एवढा चुना!"

"काम कर," थोरले म्हणाले.

"करतोय की. चारशे वर्षं झोपलेत, दोन घटका उशीर झाला तर रागावणार नाहीत."

थर फुटला. पेटी उघडली.

चुन्याने सगळं छान राखलं होतं. दरबारी अंगरखा, कमरपट्टा, टोपी. वर लाल रेशमी पट्टी, तिच्यावर सरदाराचं नाव. थोरल्यांनी गुडघे टेकले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आम्ही बायकोची कबर उघडली.

तिच्यात कपडे होते. घागरा, चोळी, जोडे, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं.

हाडं... नव्हती.

एकही नाही. दातसुद्धा नाही.

"विरघळली असतील," सर म्हणाले.

शेजारच्या पेटीत, त्याच चुन्यात, करंगळीचं पेरंसुद्धा शाबूत होतं. मी सरांकडे बघितलं. सर घड्याळाकडे बघत होते.

तीन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

सरदाराची हाडं मी संग्रहालयात आणली. अंगरखा उतरवायला दोन आठवडे गेले. मग एका दुपारी कमरेचं हाड हातात आलं. सवयीने अंगठा खाचेत घातला.

अंगठा हलला.

इकडे हलला, तिकडे हलला. ऐसपैस.

मी दुसऱ्या बाजूचं हाड घेतलं. तेच. पुढे दोन्ही हाडं जुळतात तिथली कमान बघितली. त्याचीही सोपी खूण आहे. तर्जनी आणि मधलं बोट फाकवलं तर जेवढी जागा होते, तेवढी कमान पुरुषाची. अंगठा आणि तर्जनी ताणून धरली तर होते, तेवढी बाईची. माझा अंगठा आणि तर्जनी त्या कमानीत चपखल बसली. वय पंचविसाच्या आसपास.

सरदाराच्या अंगरख्यात, सरदाराच्या नावाखाली, बाई होती.

मी धावत सरांना घेऊन आले. त्यांनी चष्मा लावला, अंगठा घातला, दुसऱ्या बाजूच्या हाडातही घालून बघितला. मग म्हणाले, "बाईच आहे."

हे त्यांचे शब्द. मी माझ्या कानांनी ऐकलेत.

"सर, मग सरदार कुठेय?"

"आलाच नसेल परत. पण जागा बघितलीस ना टेकडीवरची? मागे डोंगर, पुढे पाणी. अशी जागा घराण्याला शंभर वर्षांत एकदा मिळते. आणि जागेचा गुण वंशाला लागायचा तर आत हाडं लागतात. नुसत्या कपड्यांवर भागत नाही." त्यांनी हाड हळूच खाली ठेवलं. "कुणाची तरी हाडं लागतात."



त्या दिवसापासून एक गोष्ट सुरू झाली. हाडांचं कपाट मी स्वतः कुलूप लावून जायचे. सकाळी आले की कुलूप कपाटाखाली पडलेलं. आणि दार... बोटभर उघडं.

राखणदाराला मी दोनदा झापलं. तो बिचारा शपथा खात होता.

मे महिन्यात सरदाराचं श्राद्ध होतं. थोरल्यांनी आम्हाला बोलावलं. पूर्वी हे मध्यरात्री व्हायचं. आता शहरातून येणाऱ्यांना परतीची बस गाठायची असते, म्हणून तिसऱ्या प्रहरीच उरकतात.

तिथे मला आजी भेटल्या. थोरल्यांच्या बायको, घराण्याच्या थोरल्या सूनबाई. सत्तरीच्या. मुलगोल गाव त्यांचं माहेर, म्हणून सगळे त्यांना मुलगोलवाली म्हणायचे. त्यांचं स्वतःचं नाव त्या घरात कोणाला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. सेहेचाळीस वर्षं त्या सरदाराच्या श्राद्धाचा स्वयंपाक करत होत्या.

पुरुष आत. बायका स्वयंपाकघराच्या ओट्यावर. भात, मुळ्याचं सूप, सुकी मासळी, सगळं मांडून झालं. भातात चमचा उभा रोवला. मग सगळे पुरुष बाहेर आले आणि खोलीचं दार लावून घेतलं. आत्म्याला निवांत जेवू द्यायचं, नऊ घास होतील एवढा वेळ. मग घराच्या मालकाने बाहेरून तीनदा खोकायचं, आम्ही येतोय म्हणून कळवायचं, आणि दार उघडायचं.

सगळे अंगणात माना खाली घालून उभे. चिमणीसुद्धा चिवचिवत नव्हती.

मी मनात घास मोजत होते. पाच... सहा... सात...

खोकला आला.

एकदा. दोनदा. तीनदा.

मी थोरल्यांकडे बघितलं. त्यांचे ओठ मिटलेले होते.

खोकला बाहेरून आलाच नव्हता... आतून आला होता.

दोन क्षणांनी थोरले खोकले आणि त्यांनी दार उघडलं. आत कोणीही नव्हतं. भाताला कोणी हात लावलेला नव्हता. बाकी कोणाच्या चेहऱ्यावर काही नाही. फक्त आजी माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मला त्यांनी ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

"ऐकलंस ना?"

"आजी, मला वाटलं..."

"वाटलंबिटलं काही नाही. ऐकलंस. मी सेहेचाळीस वर्षं ऐकतेय. पहिल्यांदा ह्यांना सांगितलं तर म्हणाले, धुराने तुझं डोकं फिरलंय. तेव्हापासून तोंड शिवून घेतलं. दर वर्षी आतून कोणीतरी खोकतं, पोरी. जेवत नाही. नुसतं खोकतं. आता उघडा, म्हणून."

त्या आणखी जवळ सरकल्या.

"तू हाडं बघतेस ना? आत कोण आहे?"

सांगायला नको होतं. कागद पुरा झाला नव्हता. पण त्या बाईचा चेहरा बघून माझ्याच्याने राहवलं नाही.

"बाई आहे, आजी. सरदाराच्या पेटीत बाई आहे. आणि बायकोची पेटी रिकामी आहे."

आजी मटकन खाली बसल्या. हातातला डाव तसाच.

"माझी बाई गं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी इतकी वर्षं त्याच्या नावाने वाढत बसले आणि जेवायला बसलीय ती! दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तर ती घास कसा घेईल?"

मग त्यांनी घराण्याची गोष्ट सांगितली. सगळ्या खोऱ्याला पाठ असलेली. नवरा पडल्याची बातमी आली तेव्हा त्या पतिव्रतेने खोलीचं दार लावून घेतलं आणि एकवीस दिवस अन्नपाणी सोडून प्राण दिला. तिच्या नावाने राजाने लाल कमान उभारून दिली. गावाच्या वेशीवर ती अजून आहे.

"बखरीत काय लिहिलंय माहितेय?" आजींनी आवाज खाली आणला. "तिनेच विनंती केली, म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. तिनेच म्हणे! आणि तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही मेल्यांनी. नुसतं माहेरचं आडनाव."

थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरला. हाताला तिळाच्या तेलाचा वास होता.

"अधिक महिन्यात परत पुरायचा मुहूर्त काढलाय. एकदा चुना ओतला की पुन्हा चारशे वर्षं कोणी उघडत नाही. कागदावर बाई आहे असं आलं तर ह्यांना ऐकावंच लागेल. तिला तिच्या जागी ठेवतील, तिचे कपडे घालून. मी तिच्या नावाने... नाव नाही तर नाही, तिच्यासाठी म्हणून भात वाढीन. लिहिशील ना?"

"लिहीन."

"नक्की?"

"माझ्या शिक्क्यानिशी लिहीन, आजी."

आणि मी लिहिलं. खरंच लिहिलं. "स्त्री. वय पंचवीस ते तीस. शंका नाही." शिक्का मारून सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं, माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "चोख काम. छपाईचं मी बघतो."

चेस्टनटचे दिवस नव्हते. नाहीतर तेही मिळाले असते.

अधिक महिना आला. ह्या महिन्यात भुतंखेतं माणसांच्या भानगडीत लक्ष घालत नाहीत म्हणतात, म्हणून कबरी हलवायला हाच बरा.

म्हणतात.

नव्या टेकडीवर शंभरेक माणसं जमली होती. ऊन मी म्हणत होतं. मी थोडी उशिरा पोचले, तर पांढऱ्या कागदावर हाडं मांडून झालेली. वर तोच दरबारी अंगरखा. तीच लाल पट्टी.

मला वाटलं, घाई झाली असेल. कागद अजून पोचला नसेल.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातात छापील अहवाल ठेवला. गुळगुळीत, जाड, सरदाराच्या चित्राचं मुखपृष्ठ. मी पान उलटलं.

"पुरुष. वय चाळीस ते पंचेचाळीस."

खाली तपासणाऱ्याचं नाव. फ्यो यॉन-हुई.

त्याच्यापुढे माझा लाल शिक्का.

माझा शिक्का प्रयोगशाळेच्या खणात असायचा. त्या खणाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. मीच विश्वासाने दिलेली.

मी सरांना शोधत गेले. ते पाइनच्या सावलीत उभे होते.

"सर, हे काय आहे?"

"हळू बोल."

"तुम्ही स्वतः म्हणालात, बाई आहे!"

"म्हणालो. आणि आहेच." शांतपणे, पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे. "पण हे लोक सरदाराचं स्मारक बांधतायत. संग्रहालय त्यात आहे. मी त्यात आहे. तूही आहेस. तुझी कायमची नेमणूक सोमवारी समितीपुढे येतेय, विसरलीस? चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं आता काय बिघडणार आहे?"

मी काहीतरी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण तेवढ्यात मागून आवाज आला.

"पोरी."

आजी. पांढऱ्या कपड्यांत. घराण्याच्या सगळ्या पुरुषांना बाजूला सारून त्या थेट हाडांपाशी आल्या होत्या. बायकांनी तिथे यायचं नसतं.

"मुलगोलवाली, मागे हो," थोरले ओरडले.

"होते. एक विचारते आणि होते." त्या माझ्याकडे वळल्या. "हाडं तू बघितलीस. ह्यांनी नाही, ह्यांच्या बखरीने नाही. सगळ्यांसमोर सांग. हा बाप्या आहे की बाई?"

फाएंगदादासुद्धा गप्प.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत. काहीच केलं नाही. नुसते बघत राहिले. नऊ वर्षं ज्या माणसाला खूश करायला जगले, तो माणूस माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "पुरुष."

आजींनी काही आरडाओरडा केला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या हातात एक अंबाड्यातली चांदीची काडी होती, जुनी, त्यांच्या लग्नातली असावी. पेटीतल्या बाईच्या केसांसाठी आणलेली. ती त्यांनी सावकाश परत बाहीत सरकवली.

"बरं," म्हणाल्या. आणि मागे झाल्या.

पेटीवर झाकण बसलं. दादाची माणसं कालवलेल्या चुन्याची घमेली घेऊन पुढे आली.

आणि झाकणाखालून...

एकदा. दोनदा. तीनदा.

दादाच्या हातातलं घमेलं थांबलं. "कोण खोकलं रे?"

"चुना गेला असेल कुणाच्या तरी नाकात," थोरले म्हणाले. "ओता."

"मालक, मी स्वतः ऐकलं..."

"ओता म्हणतो ना!"

ओतला.

मी घड्याळ बघितलं. तीन वाजले होते.

सोमवारी माझी नेमणूक झाली. मंगळवारी दुपारी मी माझ्या नव्या खुर्चीवर बसले होते. माझ्या स्वतःच्या खोलीत, एकटी. दार बंद.

कमरेला मागून काहीतरी टोचलं.

वाटलं, खुर्चीचा खिळा. हात फिरवला. खिळा नव्हता. पुन्हा टोचलं. मग दाबलं. मग... हललं.

इकडे. तिकडे.

मी ती हालचाल ओळखते. हजार वेळा केलीय. माझ्या कमरेच्या हाडाच्या खाचेत कोणीतरी अंगठा घातला होता आणि मोजत होतं.

मी किंचाळत बाहेर पळाले. माझ्या मागे दार आपोआप लागलं. आणि रिकाम्या खोलीतून आवाज आला. तीनदा.

त्यानंतर रोज. मी दार लावलं की तीनच्या सुमाराला अंगठा. बाहेर पडले की आतून खोकला. घरच्या कपाटातून. एकदा लिफ्टमधून, दार मिटल्यावर. एकदा तर माझ्या गाडीच्या डिकीतून.

पुढच्या मे महिन्यात श्राद्धाच्या दिवशी धीर करून आजींना फोन लावला. माफी मागायची होती. त्यांनी ती मागूच दिली नाही.

"ह्या वर्षी खोकला आला नाही गं," त्या म्हणाल्या. आवाज दमलेला. "सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. आतलं कोणीतरी निघून गेल्यासारखं वाटलं."

मी मागे वळून कपाटाकडे बघितलं.

"तुझ्याकडे आली का?"

मी फोन ठेवला. त्या हिवाळ्यात आजी गेल्या. मला कोणी कळवलं नाही.

एकदाच सरांशी भांडले. ते निवृत्त होत होते तेव्हा. खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरत होते. मी दारातच रडत उभी राहिले.

"सर, तुमच्यावर मी बापासारखा विश्वास टाकला. माझा शिक्का चोरलात तुम्ही. माझ्या नावाने खोटं लिहिलंत."

"लिहिलं," ते म्हणाले. "कागद बदलता आला असता, यॉन-हुई. तुझ्या एका शब्दाने ती माणसं थांबली असती. पण म्हातारीने मला विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं."

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. कारण तो माणूस खरं बोलत होता.

आता शेवटचं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

दोन हजार बारा साली मी संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून पडले. कंबर धरली. दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. एक्स-रे काढताना खोलीत मी एकटी होते. जाड दार बाहेरून बंद करतात. माहीत आहे तुम्हाला.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत होते.

डॉक्टर तरुण होता. पडद्यावरच्या चित्राकडे बघत राहिला. मग कागद बघितला. मग मला बघितलं.

"बाई, माफ करा हं. अदलाबदल झालेली दिसते. हा एक्स-रे कोणा पुरुषाचा आहे."

"दाखवा."

मी जवळ गेले. कमान बघितली. हात आपोआप वर गेला. अंगठा आणि तर्जनी ताणून धरली... बसेना. तर्जनी आणि मधलं बोट धरलं.

चपखल बसलं.

कोपऱ्यात नाव माझं होतं. वेळ तीनची. त्या तासाभरात दुसरा एकही एक्स-रे काढलेला नव्हता. लहानपणी अंगणातल्या जात्यावर पडले होते, त्या वेळचा खुब्यावरचा बारीक ओरखडासुद्धा होता, बरोबर जागेवर.

ते माझंच हाड होतं. आणि ते पुरुषाचं होतं.

डॉक्टर म्हणाला, पुन्हा काढू. पुन्हा काढला. दुसऱ्या चित्रात सगळं ठीक. बाईचं हाड, बाईची कमान. त्याने हसून पहिला पुसून टाकला. "मशीनचा घोळ."

असेल. मशीनचा घोळ असेल.

घरी येऊन मी खरा अहवाल नव्याने लिहिला. सगळं लिहिलं. शिक्का मारून जिल्ह्याला पाठवला, घराण्याला पाठवला. जिल्ह्याकडून एका ओळीचं उत्तर आलं, प्रकरण बंद आहे म्हणून. घराण्याकडून तेही नाही. स्मारक झालंय. शाळेच्या सहली जातात. चुना आता दगड झाला असेल.

मी घरात एकही दार लावत नाही. न्हाणीघराचंसुद्धा नाही. कपाटांची दारं काढून टाकलीत. शेजारीण म्हणते, काय गं, चोरांना आमंत्रण देतेस का? मी हसते.

श्राद्धाच्या दिवशी मी एक वाटी भात वाढते. चमचा रोवते. नाव माहीत नाही, म्हणून मोठ्याने म्हणते, "बाई होती ती. बाई होती." म्हणत राहते, भात थंड होईपर्यंत.

भात तसाच राहतो.

आज हे लिहायला बसले तेव्हा दुपार होती. सगळी दारं उघडी होती, मी स्वतः बघितली होती. आत्ता मान वर केली तर...

माझ्या खोलीचं दार लागलेलं आहे.

कडी आतून लागलेली नाही. आतली मी बघितली. ती मोकळी आहे.

मी दार ओढून बघितलं. हाका मारून बघितल्या. बाहेर कोणीतरी उभं आहे, पायांचा आवाज येतो, पण उत्तर येत नाही.

घसा कोरडा पडलाय.

मी आता तीनदा खोकून बघणार आहे.